आजोबा-नातवाचे झाड

चीनमध्ये एका वृक्षाला ‘गोंगसुन-शू’ म्हणतात. ‘गोंग’ म्हणजे आजोबा, ‘सुन’ म्हणजे नातू आणि ‘शू’ म्हणजे झाड. आजोबांनी लावावे आणि नातवाने त्याचे फळ खावे, असा या नावाचा आशय आहे. जगभर गिंको या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष बीपासून वाढवला, तर पहिला बहर यायला वीस ते तीस वर्षे लागतात, कधी त्याहूनही अधिक. शिवाय यात नर आणि मादी झाडे निराळी असतात. आणि बहर येईपर्यंत कोणते झाड नर व कोणते मादी, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणजे रोप लावणाऱ्याला आपल्या हयातीत फळ मिळेल की नाही, याची शाश्वती नसे, आणि आपण लावलेले झाड मुळात फळ देणारे आहे की नाही, हेही ठाऊक नसे. हिशेबाच्या कोणत्याही कसोटीवर ही गुंतवणूक उतरणारी नाही. तरीही चीन, कोरिया आणि जपान या देशांत माणसे शतकानुशतके हे झाड लावीत राहिली. त्यांनी ते लावले नसते, तर आज हा वृक्ष बहुधा वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतच पाहावा लागला असता.

या कुळाची प्राचीनता सांगताना मोठ्या आकड्यांची सवय असलेल्या माणसालाही क्षणभर थांबावे लागते. गिंकोची अश्मीभूत पाने सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात, आणि त्याच्या पूर्वजांचे अवशेष त्याहूनही जुन्या थरांत. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसाचा बनला, तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. त्या वेळी गिंकोच्या वंशाने दहा कोटी वर्षांचा टप्पा केव्हाच ओलांडला होता. हिमालय तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता. डायनोसॉर आले, नांदले आणि नाहीसे झाले; गिंको राहिला. एके काळी उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया या सर्व भूभागांवर त्याची वने होती. भारतही त्याला अपवाद नव्हता. झारखंडमधील राजमहाल टेकड्यांच्या खडकांत गिंको वर्गातील पानांचे ठसे मिळाले आहेत. ती पाने जेव्हा झाडावर सळसळत होती, तेव्हा भारतभूमी आशियाला जोडलेली नव्हती. ती दक्षिण गोलार्धात होती.

पुढे या वैभवाला ओहोटी लागली. पृथ्वीचे हवामान थंड होत गेले, फुले येणाऱ्या वनस्पतींनी जागा व्यापली, आणि गिंकोचे बी दूरवर नेऊन टाकणारे प्राणीही कदाचित नामशेष झाले असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी तो उत्तर अमेरिकेतून गेला. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी युरोपातून गेला. शेवटी चीनमधील काही डोंगराळ कोपरेच त्याच्या हाती उरले. नैर्ऋत्य चीनमधील दालोउ पर्वताच्या परिसरातील झाडे ही खऱ्या अर्थाने रानटी असावीत, असे जनुकीय अभ्यासातून दिसते. पूर्वेकडील झेजियांग प्रांतातील तिआनमू पर्वतावरही जुनी गिंको-झाडे आहेत; मात्र तेथे फार पूर्वीपासून बौद्ध विहार असल्याने त्यांतील रानची किती आणि भिक्षूंनी लावलेली किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आज जगातील शहरांच्या रस्त्यांवर गिंकोची अगणित झाडे उभी असताना, निसर्ग-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत मात्र ही जाती ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. ही विसंगती वरवरची आहे. रस्त्यावरची झाडे माणसाच्या खात्यावरची, यादीतली निसर्गाच्या.

वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत गिंको अगदी एकटा आहे. आंब्याला काजू, बिब्बा, चारोळी असे भाऊबंद आहेत. वडाला पिंपळ आणि उंबर आहेत. गिंकोला कोणी नाही. त्याच्या विभागात एकच वर्ग, वर्गात एकच गण, गणात एकच कुल, कुलात एकच प्रजाती आणि प्रजातीत एकच जाती जिवंत आहे. घराण्याच्या मोठ्या वाड्यात शेवटचा एकच माणूस राहावा, तशी ही स्थिती.

त्याचे पान एकदा पाहिले की विसरत नाही. लहानसा पंखा उघडावा तसा आकार, बहुधा मधोमध एक चीर, आणि देठापासून निघून पुन्हापुन्हा दोन-दोन फाटे फुटत कडेपर्यंत जाणाऱ्या शिरा. आंब्याच्या किंवा पिंपळाच्या पानात दिसते तसे शिरांचे जाळे यात नसते. ओलसर दरडींवर आणि विहिरीच्या कडेला वाढणाऱ्या एका नाजूक नेचाची पाने साधारण अशीच असतात. युरोपीयांनी त्याच नेचावरून गिंकोला एक नाव दिले. आपल्या वैद्यकात या नेचाला ‘हंसपदी’ म्हणतात. आणि प्राचीन चिनी लोकांनी गिंकोला दिलेले नाव आहे ‘याजिआओ’, म्हणजे बदकाचा पाय! दोन दूरच्या देशांत, दोन वेगळ्या वनस्पतींच्या एकसारख्या पानांकडे पाहून लोकांना पाणपक्ष्याचेच पाऊल आठवावे, हा योगायोग मोठा गोड आहे.

शरद ऋतूच्या अखेरीस ही हिरवी पाने झळझळीत पिवळी होतात. गिंकोची पानगळही निराळी. इतर झाडे आठवडेच्या आठवडे पाने ढाळीत राहतात. गिंकोच्या पानांचे देठ मात्र जवळजवळ एकाच वेळी सुटतात, आणि कडाक्याच्या थंडीच्या एखाद्या रात्रीनंतर सकाळी काही तासांत सारे झाड मोकळे होऊन खाली सोन्याचा गालिचा पसरतो.

या वृक्षाच्या प्रजननाची कथा विज्ञानाच्या इतिहासातही मोलाची आहे, आणि ती ज्या माणसाने उलगडली त्याची कथा तर त्याहून अधिक. साकुगोरो हिरासे हे तोक्यो विद्यापीठात चित्रकार आणि साहाय्यक म्हणून काम करीत. उच्च पदवी नाही, प्राध्यापकपद नाही. विद्यापीठाच्या कोइशिकावा येथील उद्यानात एक मोठे मादी गिंकोचे झाड होते. त्याची बीजांडे काढायची, त्यांचे अत्यंत पातळ काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हे काम हिरासे वर्षानुवर्षे करीत राहिले. वसंतात वाऱ्यावरून आलेला पराग बीजांडात शिरतो, पण गर्भधारणा लगेच होत नाही. मध्ये चार-पाच महिने जातात. त्यामुळे नेमका क्षण गाठणे अवघड होते. १८९६ च्या सप्टेंबरात हिरासे यांना बीजांडातील द्रवात पोहणारी शुक्रपेशी दिसली. तिच्यावर सुमारे एक हजार सूक्ष्म केस होते आणि त्यांच्या हालचालीने ती पुढे सरकत होती. तिचा आकार मिलिमीटरच्या साधारण बाराव्या भागाएवढा.

नेचे आणि शेवाळी यांच्या शुक्रपेशी पाण्यात पोहतात, हे तेव्हा माहीत होते. परंतु बी धारण करणाऱ्या एखाद्या वृक्षात असे घडते, हे कोणी पाहिलेले नव्हते. गिंको हा त्या जुन्या जगातला आणि या नव्या जगातला दुवा ठरला. युरोपातील मान्यवरांना हे चटकन पटले नाही. त्याच वर्षी प्राध्यापक इकेनो यांनी सायकस या वनस्पतीतही पोहणाऱ्या शुक्रपेशी शोधल्या, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. हिरासे मात्र १८९७ मध्ये विद्यापीठ सोडून हिकोने गावच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले. पुढे १९१२ मध्ये जपानच्या विज्ञान अकादमीचा सम्राटाच्या नावे दिला जाणारा पुरस्कार इकेनो यांच्याबरोबर त्यांनाही मिळाला. पंधरा वर्षांनी का होईना, हिशेब चुकता झाला. कोइशिकावाचे ते झाड आजही उभे आहे.

आता माणसाच्या इतिहासाकडे वळू. अतिप्राचीन चिनी ग्रंथांत गिंकोचा निःसंदिग्ध उल्लेख सापडत नाही. तो प्रकाशात येतो अकराव्या शतकात, सोंग राजवटीत. यांगत्से नदीच्या दक्षिणेकडून ही बीजे नजराणा म्हणून राजधानी काइफेंग येथे येऊ लागली. राजघराण्यातील एका जावयाने तेथे झाडे लावली, आणि पहिल्या बहरात आलेली जेमतेम तीन-चार बीजे सोन्याच्या पेटीतून सम्राटाला नजर करण्यात आली. दरबारातील मंडळींना ती ओळखतादेखील आली नाहीत. ओउयांग शिउ आणि मेइ याओचेन या त्या काळच्या दोन थोर कवि-मित्रांनी या बीजांवरून एकमेकांना कविता धाडल्या. ‘बदकाचा पाय’ हे नाव दरबाराला गावंढळ वाटले असावे. पुढे ‘यिनशिंग’, म्हणजे रुपेरी जर्दाळू, हे नाव रूढ झाले. बीच्या कठीण कवचाचा रंग खरोखरच चांदीसारखा असतो.

राजधानीतून हे झाड गावोगाव गेले, आणि विहारांच्या आवारात विशेष रुजले. लाकूड किडत नाही, पानांना रोग सहसा लागत नाही, बी खाता येते आणि औषधालाही पडते. मठातील माणसे पिढ्यान्पिढ्या एकाच जागी राहतात. त्यामुळे ‘फळ केव्हा मिळेल’ हा प्रश्न त्यांना तितकासा छळत नाही. कोरियातील योंगमुनसा विहाराचा गिंको सुमारे ४२ मीटर उंच असून त्याचे वय अकराशे वर्षांचे सांगतात. जपानच्या उत्तरेकडील फुकाउरा येथील झाडाच्या बुंध्याचा घेर २२ मीटर आहे. त्याच्या फांद्यांपासून वडाच्या पारंब्यांसारखे, पण जाड आणि लोंबते उंचवटे खाली उतरले आहेत. त्यांना तिकडे स्तनांची उपमा देतात, आणि अंगावर दूध यावे म्हणून बाळंतिणी अशा झाडांना नवस बोलत. विहारांतील झाडांची वये मात्र जरा जपूनच घ्यावीत. ते आकडे बहुधा श्रद्धेच्या वहीतले असतात, आणि त्या वहीत लेखापरीक्षण होत नाही.

समुद्र ओलांडण्याच्या कामी व्यापारी जहाजे उपयोगी पडली. १३२३ साली चीनच्या निंगबो बंदरातून जपानला निघालेले एक जहाज कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडाले. साडेसहाशे वर्षांनी, १९७६ पासून, त्याचे उत्खनन झाले. वीस हजारांहून अधिक चिनी मातीची भांडी, टनावारी तांब्याची नाणी, चंदनाचे ओंडके आणि मालाच्या मालकांची नावे लिहिलेल्या लाकडी पट्ट्या, असा सारा ऐवज गाळात जसाच्या तसा होता. त्या मालात गिंकोचे बीही मिळाले. कोणा व्यापाऱ्याने ते विक्रीला नेले की खलाशाने वाटेत खायला ठेवले, कोण जाणे. पण रेशीम आणि भांड्यांच्या वाटेनेच या वृक्षाचा प्रवास झाला, याची ती एक पोचपावती म्हणावी लागेल.

युरोपशी गाठ पडली तीही व्यापारामुळेच. डच ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्य एंगेलबर्ट केंफर हे जर्मन गृहस्थ १६९० ते १६९२ या काळात नागासाकीच्या देजिमा बेटावरील वखारीत होते. त्यांनी हे झाड पाहिले आणि १७१२ च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. ‘रुपेरी जर्दाळू’ या चिनी अक्षरांचा जपानी उच्चार ‘गिन्क्यो’ असा होतो. ग्रंथात छापले गेले ‘गिंक्गो’. ही मुद्रणाची चूक, असे पुष्कळ काळ मानले गेले. नागासाकीच्या दुभाष्याच्या उच्चाराप्रमाणे केंफर यांनी मुद्दामच तसे लिहिले असावे, असेही अलीकडे काही अभ्यासक म्हणतात. लिनियस यांनी १७७१ मध्ये शास्त्रीय नाव देताना तेच अक्षर कायम ठेवले: ‘गिंको बायलोबा’, म्हणजे दोन पाळ्यांच्या पानाचा गिंको. जपानमध्ये झाडाला प्रत्यक्षात ‘इचो’ म्हणतात आणि बीला ‘गिन्नान’. म्हणजे जे नाव त्याच्या देशात बोलण्यात नाही, त्याच नावाने सारे जग त्याला ओळखते.

फ्रेंच भाषेत या झाडाचे लौकिक नाव ‘चाळीस एक्यूंचे झाड’ असे आहे. एक्यू हे तिकडचे जुने चांदीचे नाणे. त्यामागची कथा व्यापारी वाचकांना आवडेल. १७८० च्या सुमारास पेतिन्यी नावाचा एक फ्रेंच हौशी माणूस लंडनच्या एका रोपवाटिकेत गेला. मालकाकडे जपानी बीपासून केलेली गिंकोची पाच रोपे एकाच कुंडीत होती. दुपारच्या जेवणात मद्याचे चषक रिकामे होत गेले आणि पेतिन्यीने ती पाचही रोपे २५ गिनींना पदरात पाडून घेतली. दर रोपाला सुमारे चाळीस एक्यू पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक शुद्धीवर येऊन धावत आला आणि पाचांपैकी एकच रोप परत मिळावे म्हणून तेवढेच पैसे देऊ लागला. पेतिन्यीने नकार दिला. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही, पण नाव टिकले. लंडनच्या क्यू उद्यानात १७६२ साली लावलेला गिंको अद्याप जोमात आहे. जर्मन महाकवी गटे यांनी, ज्यांना आपल्या ‘शाकुंतला’ने वेड लावले होते, १८१५ मध्ये या पानाच्या दुभंगावर एक कविता लिहून आपल्या स्नेही मारियान फोन विलेमर यांना पाठवली. तेव्हापासून जर्मनीत हे पान स्नेहाची खूण मानले जाते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्या वर्षअखेरपर्यंत मरण पावलेल्यांची संख्या सुमारे १,४०,००० धरली जाते. पुढची पंचाहत्तर वर्षे या भूमीत काही उगवणार नाही, अशी वार्ता तेव्हा पसरली होती. स्फोटकेंद्रापासून अवघ्या ११३० मीटरवर होसेनबो नावाचे बौद्ध मंदिर होते. मंदिर जमीनदोस्त झाले. त्याच्या अंगणातील गिंको भाजून काळा पडला; आणि पुढच्या वसंतात त्याला पालवी फुटली. गिंकोची साल जाड आणि ओलसर असते, तिच्याखाली निद्रिस्त डोळे असतात; उष्णतेचा तो भयंकर लोट क्षणभराचा होता आणि मुळे जमिनीखाली सुरक्षित राहिली होती. कारणे ही एवढीच. परंतु घरदार गमावलेल्या माणसांना त्या वसंतात हिरवे पान दिसले, तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हे सालीच्या जाडीवरून सांगता येत नाही.

पुढे मंदिर नव्याने बांधायचे ठरले, तेव्हा झाड नेमके दाराशीच येत होते. ते तोडावे किंवा हलवावे, असे सुचवणारे होते. ते न करता १९९४ मध्ये बांधलेल्या वास्तूच्या पायऱ्याच दोन्ही बाजूंनी वळवून झाडाला मध्ये जागा देण्यात आली. हिरोशिमात अशी बाँबमधून वाचलेली सुमारे १६० झाडे नोंदलेली आहेत, प्रत्येकावर पाटी आहे. त्यांत गिंको मोजकेच. २०११ पासून एका संस्थेमार्फत या झाडांचे बी देशोदेशी पाठवले जाते.

आज व्यवसायानिमित्त जपानमध्ये स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या कुटुंबांना गिंको रोजच भेटतो. हिरे-मोत्यांच्या व्यापारातील जैन मंडळींनी कोबे येथे १९८५ मध्ये मंदिर उभारले. त्या कोबेच्या शेजारी ओसाका शहरात मिदोसुजी नावाचा चार किलोमीटरचा हमरस्ता दुतर्फा गिंकोनेच सजला आहे. तोक्योतील जवाहिऱ्यांची पेठ म्हणजे ओकाचिमाची. तिथून विद्यापीठाचा होंगो परिसर फार दूर नाही, आणि त्या विद्यापीठाचे बोधचिन्हच गिंकोचे पान आहे. १९६६ पासून गिंको हा तोक्यो महानगराचा अधिकृत वृक्ष आहे. धूर, धूळ, किडी, दगडी फरशांखालची गुदमरलेली माती, हे सारे तो सोसतो. भारतात मात्र तो देहरादून, दार्जिलिंग अशा थंड हवेच्या ठिकाणच्या उद्यानांतच दिसतो. महाराष्ट्राची हवा त्याला मानवत नाही.

शहरांना या झाडाची एकच अडचण होते, ती म्हणजे मादीचे फळ. त्याचा गर पिकून खाली पडला की त्याला खवट तुपासारखा उग्र दर्प सुटतो. दोहोंतील आम्ल एकच आहे. गर हाताला लागला तर कातडीवर पुरळही उठते. काजूच्या टरफलातील तेलाने कोकणातल्या बायकांचे हात भाजतात, त्याच जातकुळीचे रसायन यातही असते. म्हणून अमेरिकेतील नगरपालिका केवळ नर झाडांची कलमे लावतात. दक्षिण कोरियात सोल शहराचे कर्मचारी शरद ऋतूत मादी झाडांची फळे पडण्याआधीच उतरवून नेतात, आणि आता तेथे रोपाच्या जनुकीय चाचणीवरून त्याचे लिंग आधीच ओळखता येते. जिथे बीलाच किंमत आहे, तिथे उलट मादीची कलमे करतात. जपानमधील आइची प्रांतातल्या सोबुए गावी दहा हजारांहून अधिक झाडे आहेत. कलम केलेले झाड काही वर्षांतच फळते, त्यामुळे नातवाची वाट पाहावी लागत नाही.

तोक्योच्या मेइजी देवस्थानाच्या बाह्य उद्यानात १९२३ साली चार रांगांत लावलेले १४६ गिंको आहेत. त्या परिसरातील क्रीडांगणांच्या पुनर्विकासाची मोठी योजना निघाली. या रांगा ठेवल्या जातील असे योजनेत म्हटले आहे. पण नवे मैदान मुळांच्या फार जवळ येईल, असा नागरिकांचा आक्षेप आहे. विख्यात संगीतकार र्युइची साकामोतो यांनी २०२३ च्या मार्चमध्ये, मृत्यूपूर्वी काही आठवडे, या झाडांसाठी तोक्योच्या राज्यपालांना पत्र लिहिले. शंभर वर्षांपूर्वी लावलेल्या झाडांचे विश्वस्त आज कोण, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही.

आपल्या घरांत गिंको पोहोचला आहे तो झाड म्हणून नव्हे, तर गोळ्यांच्या बाटलीतून. जर्मनीत १९६५ च्या सुमारास पानांचा अर्क औषध म्हणून बाजारात आला आणि ‘स्मरणशक्ती वाढवणारा’ अशी त्याची कीर्ती झाली. परदेशातला मुलगा किंवा सून वडीलधाऱ्यांसाठी प्रेमाने अशी बाटली आणते. म्हणून येथे थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ व्यक्तींवर सरासरी सहा वर्षे एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज दोन वेळा १२० मिलिग्रॅम अर्क दिला, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्यांची संख्या अर्क घेणाऱ्यांत २७७ आणि न घेणाऱ्यांत २४६ होती. म्हणजे प्रतिबंध काही झाला नाही. फ्रान्समध्ये सत्तरी ओलांडलेल्या सुमारे २,८०० जणांवर झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीतही, २०१२ मध्ये, असाच निष्कर्ष निघाला. उलट रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, अगदी रोजची ॲस्पिरिनसुद्धा, चालू असतील, तर गिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. अशी बाटली घरात असल्यास ती डॉक्टरांना दाखवावी, आणि शस्त्रक्रियेपूर्वी तर न विसरता सांगावे. कॅप्सूलचे कवच अनेकदा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते, हेही शाकाहारी घरांनी वेष्टनावर वाचून पाहावे.

बियांबाबतही सावधगिरी हवी. जपानी जेवणात भाजलेले किंवा शिजवलेले चार-सहा गिन्नान चवीने खातात. पण बीमध्ये ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराला, बी-६ ला, अडथळा आणणारे द्रव्य असते आणि ते शिजवूनही पुरते जात नाही. जास्त बिया खाल्ल्यास झटके येतात, विशेषतः लहान मुलांना. जपानमध्ये अन्नटंचाईच्या वर्षांत अशा घटना बऱ्याच घडल्या होत्या.

औषधाने माणसाचे वार्धक्य थोपले नाही. झाडाला स्वतःला मात्र ते फारसे शिवत नाही. २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी १५ ते ६६७ वर्षे वयाच्या गिंको वृक्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोडाची जाडी वाढवणाऱ्या पेशींच्या थरात, सालीच्या आतल्या बाजूला, म्हातारपणाची खूण त्यांना आढळली नाही. वाढ मंदावते, पण रोगाशी झुंजणारी जनुके सहाशे वर्षांच्या झाडातही तरुण झाडाइतकीच कार्यरत असतात. गिंको मरतो तो वादळाने, विजेने, आगीने किंवा कुऱ्हाडीने.

कामाकुरा येथील त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानाच्या पायऱ्यांशेजारी असाच एक प्रचंड गिंको होता. १२१९ साली तेथे शोगुन सानेतोमो यांचा त्यांच्याच पुतण्याने खून केला, आणि मारेकरी या झाडामागे लपला होता, अशी आख्यायिका शतकानुशतके सांगितली गेली. जपानमध्ये गिंकोचा भक्कम पुरावा त्यानंतरच्या काळातला असल्याने इतिहासकार तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. भाविकांनी झाडाचे नाव मात्र ‘लपण्याचा गिंको’ असेच ठेवले. १० मार्च २०१० च्या पहाटे वादळी वाऱ्यात ते झाड मुळासकट कोसळले. देवस्थानाने बुंध्याचा खालचा भाग कापून जवळच पुन्हा रोवला. काही आठवड्यांतच त्या बुंध्याला आणि जुन्या जागी मातीत राहिलेल्या मुळांनाही धुमारे फुटले. आता तिथे शेजारी-शेजारी दोन झाडे आहेत. लोक एकाला पालक म्हणतात, दुसऱ्याला मूल.